मागच्या सीटवरची ऊब

६ ऑक्टोबर

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात आणि तशीच रद्दीत जातात. यंदा ती वाया घालवायची नाहीत असं ठरवलं आहे. मनात आलेलं इथे लिहायचं. पानं संपली की लिहिणं संपलं.

पहिली नोंद गाडीची. ह्यांनी परवा आपली चालती गाडी विकली आणि आज तिच्या जागी दुसरी आणून दारात उभी केली. ही आमच्या लग्नापेक्षाही जुनी आहे. रंग फिकट निळा, दिवे गोल, पुढे चकचकीत पट्टी, आणि आतल्या सीट अशा की आमचा सोफा लाजेल. शेजारपाजारचे बघायला आले. हे बॉनेट उघडून एकेकाला आत डोकवायला लावत होते. "सगळं डोळ्यांना दिसतं बघा. पाना घ्या आणि खोला. हिच्यात लपवाछपवी नाही." आधीच्या गाडीत नुसता एक दिवा लागायचा, आणि काय बिघडलं ते कंपनीच्या माणसालाच कळायचं. म्हणून मीही विरोध केला नाही. विमा स्वस्त, मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे, कर्ज नाही. दिवा लावताना देवाला एवढंच म्हटलं की ह्यांचा हा शेवटचा नाद असू दे.

वन्संचा, म्हणजे ह्यांच्या बहिणीचा, फोन आला होता. म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी दादा घोडागाडी आणायचं म्हणाला तर मला आधी कळव. गवताची सोय बघते."

१४ ऑक्टोबर

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलं. खुब्याचं हाड सांधलंय, पण चालणं पहिल्यापासून शिकायचं आहे. सोमवारी आणि गुरुवारी नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं. जाऊन येऊन दुपार जाते. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहेत. साहेबांशी बोलून त्या दोन दिवशी लवकर निघायची सवलत मिळवली आहे.

आईंना गाडी फार आवडली. दार रुंद, सीट खाली, पाय लांब करता येतो. निघताना गाडी सुरू होईना, मी आणि दवाखान्याच्या रखवालदाराने मागून ढकलली. आई आतून म्हणाल्या, "माझी जोडीदारीण मिळाली गं मला. आम्ही दोघी धक्का दिल्याशिवाय हलत नाही." ह्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं, पण हेसुद्धा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

२ नोव्हेंबर

रविवारी मैदानावर जुन्या गाड्यांवाले जमतात. ह्यांच्या आग्रहाने मीही गेले. माणसं कमी, फडकी जास्त. एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना टोपीवाले म्हणतात, त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत आणि एकही रस्त्यावर येत नाही. ह्यांना म्हणाले, "रोज चालवता? ह्या वयात हिला राबवता?" हे म्हणाले, "तुम्ही गाड्या पुसता, मी चालवतो." टोपीवाल्यांनी हसत हसत गाडीला गिऱ्हाईक म्हणून स्वतःचं नाव नोंदवून ठेवलं. किंमत ऐकून मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी दुसरीकडे पाहिलं.

१२ नोव्हेंबर

आठवडाभर गाडी फार आवाज करत होती. बोलणं ऐकू येईना. ह्यांनी ती मिस्त्रीकडे टाकली आणि कचेरीत गेले. दुपारी मिस्त्री स्वतः गाडी घेऊन दारात आला, हात पुसत म्हणाला, "वहिनी, सायलेन्सरचा पाइप वरून खाल्लाय. खालून दिसत नाही. मी पत्रा गुंडाळून आवळलाय, आवाज बंद होईल, पण हे काम खरं नाही. पाइप नवीन पाहिजे. आणि मागे डिकीचं रबर गेलंय, सीटखालचा पत्राही गंजलाय. धूर आत ओढला जातो. पाइप बसेपर्यंत मागची काच बोटभर खाली ठेवत जा."

पाइप मिळत नाही म्हणे, शोधावा लागतो, आणि मिळाला तर आईंच्या महिन्याच्या औषधांएवढा. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पत्र्याचे पैसे दिले. ह्यांना काही बोलले नाही. ह्यांना कळलं असतं तर संध्याकाळीच भंगारबाजार पालथा घातला असता. गाडीच्या बाबतीत ह्यांचा हात सैल, म्हणून माझा आखडता ठेवावा लागतो.

संध्याकाळी ह्यांनी एक चक्कर मारली. आनंदाने आत आले. "काय काम करतो गं हा माणूस. शिलाईच्या मशीनसारखी चालतेय."

आत बसून मी मुद्दाम वास घेऊन पाहिला. काही नाही. धूर असता तर नाकाला कळला असता. हे मिस्त्री लोक एकातून एक काम काढतातच.

१७ नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे मागची काच बोटभर खाली ठेवली तर आई परतेपर्यंत गारठून गेल्या. दात वाजत होते. व्यायाम करून सैल झालेला पाय घरी येईपर्यंत पुन्हा लाकूड. काच वर केली तरी दारांच्या फटींतून वारा येतोच. जुन्या गाडीची दारं म्हणजे जुन्या घराची दारं, घट्ट कशी बसणार.

कपाटात सासऱ्यांचा लोकरीचा कोट आहे. जाड, चांगला, पण गळ्याशी कसर लागलेला. त्याच्या पट्ट्या काढून दारांना लावल्या तर?

२३ नोव्हेंबर

पट्ट्या झाल्या. तीन संध्याकाळी लागल्या. कोट उसवला, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या, आत जुनी सुती दोरी घालून कडा शिवून घेतल्या, म्हणजे दार लागलं की दबून बसतात. खळ लावून चारही दारांना चिकटवल्या. मागच्या काचांच्या कडेलाही घातल्या, त्यामुळे त्या काचा आता खाली होत नाहीत, पण त्या करायच्यात कुणाला.

ह्यांच्या बाजूला पुढे एक छोटी तिकोनी काच आहे, ती हे कायम उघडी ठेवतात. तिथेही लावणार होते. हे म्हणाले, "तेवढी राहू दे. तिथून मला इंजिन ऐकू येतं." म्हटलं, ऐका.

आईंना मागे बसवून दार लावलं. वाऱ्याचा लवलेश नाही. आईंनी पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं, कोट ना गं त्यांचा? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, "जिवंतपणी कधी खांद्यावर घातला नाही मेल्याने. आता देतोय ऊब." आणि डोळे पुसले. मला वाटतं लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा आईंना माझं एखादं काम मनापासून आवडलं.

देवाची कृपा. पैसा न खर्चता झालं.

२७ नोव्हेंबर

दवाखान्याचा दिवस. मी मागे आईंजवळ बसते. हीटर लावला की गाडीत इतकं उबदार होतं. मी जप सुरू करते आणि मन असं काही शांत होतं की घरी देवापुढे बसूनही होत नाही. हातपाय हलके, विचार थांबलेले. आज तर जप करता करता डोळा लागला. आईही झोपल्या. हे म्हणाले, तुम्ही दोघी म्हणजे पाळण्यातली पोरं.

परतल्यावर डोकं दुखलं. सकाळपासून उपाशी होते, त्याचं असेल.

४ डिसेंबर

आईंना दवाखान्यातून येताना वांती झाली. व्यायामवाली बाई म्हणते, पायाची प्रगती चांगली आहे पण आज त्या गोंधळल्यासारख्या होत्या, डावा पाय म्हटलं की उजवा उचलत होत्या. वय झालं की असं होतं. गालांवर मात्र लाली आहे. घरी आणून उशीला टेकवलं तर चेहरा असा की कुणी आजारी म्हणणार नाही.

माझंही डोकं. दवाखान्याच्या हवेतच काहीतरी असतं. आजारी माणसांत तास काढायचे म्हणजे होणारच.

११ डिसेंबर

तेच. आई रस्ताभर झोपून. उतरवताना मला म्हणाल्या, "आई आली का?" त्यांची आई जाऊन जमाना झाला. ह्यांनी ऐकलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला, डोक्याचा फोटो काढायला सांगितलं. फोटोत काही निघालं नाही. हे म्हणाले, निघालं नाही म्हणजे चांगलंच. पण जेवले नाहीत.

मी आईंसाठी जप वाढवला आहे.

२६ डिसेंबर

व्यायामाचा विभाग दहा दिवस बंद आहे. गाडी दारात झाकून ठेवली आहे. आणि आई, देव पावला, पहिल्यासारख्या झाल्या. काल काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आल्या, भांडी कुठे ठेवली यावरून मला बोलल्या. वन्सं आल्या होत्या, त्यांच्याशी पत्त्यांत लबाडी केली. लबाडी पकडली तर म्हणाल्या, "म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणता ना, मग हिशेब कसला मागता?"

माझंही डोकं दुखलं नाही. जपाचं फळ लगेच मिळतं असं नाही, पण मिळतं.

३१ डिसेंबर

वर्षाचा हिशेब जुळला. पाइपचे पैसे बाजूला निघतील एवढी शिल्लक आहे. पण गाडी आता आवाज करत नाही आणि मिस्त्रीही पुन्हा काही म्हणाला नाही. आईंना दवाखान्यात थांबायला चाकांची खुर्ची भाड्याने घ्यावी असं मनात आहे. आधी ती.

५ जानेवारी

विभाग सुरू झाला. आज पुन्हा आई परतल्यावर गळून गेल्या. आता माझी खात्री झाली आहे, तो व्यायामच त्यांना झेपत नाही. ह्यांना म्हटलं, बंद करू या. हे म्हणाले, "चालायला लागलीय गं ती. आता थांबवलं तर कायमची खाटेला खिळेल. अजून थोडे दिवस." मीही मग म्हटलं, बरं.

मी ह्यांचं ऐकलं, ते इथे लिहून ठेवते.

१३ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, नाहीतर पुन्हा कधीच लिहिणार नाही.

आई गेल्या.

काल दाट धुकं होतं. परतताना आईंना बसवेना, म्हणून मागच्या सीटवर आडवं केलं, उशी दिली, दोन पांघरुणं घातली. मी पुढे ह्यांच्याशेजारी बसले. पुलाच्या अलीकडे गाड्या अडकल्या. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. जाता येईना, वळता येईना. लोक इंजिन बंद करून खाली उतरून उभे राहिले. आमची बंद केली तर थंडीत पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, आणि आईंना गारठा सोसणार नाही, म्हणून ह्यांनी चालूच ठेवली. हीटर लावलेला. मी मागे वळून विचारलं, "आई, ऊब आहे ना?" तर हुं म्हणाल्या. त्यांचा शेवटचा शब्द तोच. मग मी जप सुरू केला, आणि कधी डोळे मिटले ते कळलं नाही. ह्यांनी मला हलवून उठवलं तेव्हा गाड्या सरकू लागल्या होत्या आणि माझं डोकं फुटत होतं. ह्यांनाही गरगरत होतं, तिकोनी काचेला नाक लावून चालवत होते.

घरी आल्यावर मागचं दार उघडलं. आई झोपलेल्या. गाल गुलाबी, ओठ लाल, कपाळावर एक आठी नाही. मी दोनदा हाक मारली. हात लावला तर हातही उबदार होता. ह्यांनी पाहिलं आणि पायरीवर बसले.

इतकं शांत मरण मी पाहिलेलं नाही. पुण्यवान बाई होती. नाव कानावर पडत असताना गेली.

१४ जानेवारी

डॉक्टर परवा रात्रीच घरी आले होते. त्यांनी आईंचा चेहरा पाहिला, नखं पाहिली, आणि मला पाणी आणायला सांगितलं. पाणी घेऊन आले तर डॉक्टर आणि हे बाहेर गाडीपाशी. डॉक्टर वाकून मागच्या सीटखाली बघत होते. नंतर आईंना पुन्हा दवाखान्यात न्यायला लागलं, तपासणीसाठी. कशाची तपासणी म्हटलं तर हे म्हणाले, वयस्कर माणूस वाटेत गेलं की नियम असतो.

काल संध्याकाळी हे परत आले. मी विचारलं, काय म्हणाले? ह्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी घातली. ह्यांनी कधी मोज्यांची घडी घातलेली नाही. मग म्हणाले, "हृदय थकलं होतं."

१९ जानेवारी

आज एक पोलीस आला होता. गाडीचे फोटो काढले, डिकी उघडून बघितली, खाली झोपून बघितलं. मी चहा घेऊन बाहेर येत होते, तेव्हा त्याने दाराच्या पट्टीला बोट लावून विचारलं, "ह्या कुणी लावल्या?"

हे म्हणाले, "मी."

"काचाही तुम्हीच बंद केल्या?"

"मीच."

"आणि पाइपचं?"

"मला माहीत होतं. मी टाळलं."

मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. आत परत गेले आणि चहा ओतून दिला. वाईट वाटलं ते लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार. तीन संध्याकाळी मी मान मोडून शिवत होते. आईंना आवडलेलं माझं एकच काम, आणि तेसुद्धा ह्यांनी परक्या माणसासमोर स्वतःच्या नावावर घेतलं. पाइपची तर ह्यांना गंधवार्ताही नव्हती. पोलिसाला खोटं कशाला सांगायचं? माणूस दुःखात काय बोलेल सांगता येत नाही, म्हणून गप्प बसले.

२४ जानेवारी

वन्सं चार दिवस राहून गेल्या. भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत. ह्यांनी ताट वाढलं तर उठून गेल्या. आई गेल्यावर भावंडांत असं होतं हे ऐकून होते, पण आमच्या घरात होईल असं वाटलं नव्हतं. निघताना मला मात्र घट्ट धरलं. म्हणाल्या, "वहिनी, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काही दोष नाही यात. तू तिचं सगळं केलंस."

माझा दोष कसला असणार? मी रात्रंदिवस केलं. पण त्यांनी म्हटल्यावर बरं वाटलं.

२७ जानेवारी

मिस्त्री आला होता. दारातच डोळे लाल. मला पाहून म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला त्या दिवशी" आणि तेवढ्यात हे आतून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला फाटकापर्यंत घेऊन गेले. बराच वेळ बोलत होते. मिस्त्री मान हलवत होता, नाही नाही म्हणत होता, मग हो म्हणाला. जाताना माझ्याकडे न बघता गेला.

त्याचं काही देणं राहिलंय का म्हणून मी वही उलटून पाहिली. सगळं चुकतं केलेलं आहे.

३ फेब्रुवारी

हे कचेरीत चालत जातात. पाऊण तासाची वाट. गाडी दारात, किल्ली खुंटीवर. टोपीवाले स्वतः आले होते. सांत्वन केलं आणि मग हळूच किंमत काढली, मैदानावर सांगितली होती त्यापेक्षा चढी. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, कारण दवाखान्याचं बरंच देणं आहे.

हे म्हणाले, "ही कुणाला द्यायची नाही."

"अहो, मी चालवणार नाही. नुसती ठेवणार. पुसणार."

"तुमच्यानंतर कुणीतरी चालवेल."

टोपीवाले माझ्याकडे बघत राहिले. 

९ फेब्रुवारी

आज हे पोलिसांना विचारून गाडी भंगारात देऊन आले. ओढून नेली. तिथे उभं राहून चेपताना पाहिली म्हणतात. मिळाले ते लोखंडाचे पैसे.

इतक्या वर्षांत मी ह्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला. म्हटलं, मी भाजीच्या पिशवीची दोरीसुद्धा टाकत नाही आणि तुम्ही चढी किंमत येत असताना गाडी चेपून टाकता? आईंची शेवटची जागा होती ती. नाद तुमचा, सोसलं आम्ही, आणि तोडतानाही विचारलं नाहीत. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोल. अजून बोल." टोमणा नव्हता तो. खरंच सांगत होते. 

१० फेब्रुवारी

कचऱ्याच्या डब्यात कोटाच्या पट्ट्या सापडल्या. गाडी नेण्याआधी ह्यांनी दारांवरून एकेक ओढून काढल्या असणार. गुंडाळी करून, वर वर्तमानपत्र घालून, तळाशी दडवलेल्या. मी काढून घेतल्या. लोकर चांगली आहे. झोपायच्या खोलीच्या खिडकीला लावीन. नाहीतरी हे आताशा रोज झोपताना ती खिडकी सताड उघडतात. मी लावते, डोळा लागतो न लागतो तोच हे पुन्हा उघडतात. खोलीची सगळी ऊब बाहेर जाते.

१६ फेब्रुवारी

हे पुन्हा पोलिसांकडे जाऊन आले. येत्या महिन्यात न्यायाधीशांपुढे उभं राहायचं आहे. कागदपत्रांचं काहीतरी आहे म्हणाले, तू येऊ नकोस. गाडी चालवायचा परवाना काढून घेणार आहेत. कुणी पाहिलं तर वाटेल हे काहीतरी शिक्षेची वाट बघतायत. म्हटलं, वकील करा. तर म्हणाले, "कशाला? मी सगळं कबूल केलंय."

काय कबूल केलंय ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते मला सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी

पट्ट्या धुवायला काढल्या. कोमट पाण्यात भिजवल्या आणि पाणी काळं झालं. गाडीची धूळ म्हणून ओतून दिलं, पुन्हा भिजवल्या. पुन्हा काळं. आणि वास सुटला. हिवाळाभर माझं नाक चोंदलेलं होतं, आता मोकळं आहे. धुराचा वास. भिजल्या लोकरीतून बाहेर येत होता, हाताला लागत होता.

पट्टीला दोन बाजू असतात. मी स्वतः शिवल्या, मला माहीत आहे कुठली आत आणि कुठली बाहेर. बाहेरच्या बाजूला रस्त्याची तपकिरी धूळ आहे, ती निघाली. काळं आतल्या बाजूला आहे. आईंच्या बाजूला. चौथ्यांदा साबण लावला तरी ते निघालं नाही.

बादलीपाशी बसून राहिले. देवाला दिवा लावायचा राहिला.

१९ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मागची पानं उलटून वाचली. १२ नोव्हेंबर वाचलं. २६ डिसेंबर वाचलं. ५ जानेवारीला मी लिहिलं आहे, मी ह्यांचं ऐकलं ते लिहून ठेवते.

जप करायला बसले. गाडीत यायची ती शांती आली नाही. आता तिची भीती वाटते.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी हे कचेरीतून चालत आले. खुर्चीत बसून तळपाय चोळत होते. मी समोर उभी राहिले. पट्ट्या दोरीवर वाळत होत्या, त्या ह्यांना दिसल्या. तळपायावरचा हात थांबला.

मी विचारलं, "पोलिसाला पट्ट्यांचं तुम्ही काय सांगितलंत?"

"मी लावल्या, असं."

"शिवल्या कुणी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मीच शिवल्या."

ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

मला सांगायचं होतं की मिस्त्री मला म्हणाला होता, मला, काच बोटभर. सांगायचं होतं की पुढच्या महिन्यात तुमच्याबरोबर मी येते आणि काय ते मी बोलते. ह्यांनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर अशी काही विनवणी होती की ह्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि आज मागत होते ते द्यावंच लागलं. एवढ्यावरच हे उभे आहेत. ते काढून घेतलं तर दोघंही पडू.

मी म्हटलं, "बरं."

हे म्हणाले, "चहा टाकतेस?" मी चहा टाकला.

२१ फेब्रुवारी

पट्ट्या फाटकाजवळ मातीत पुरून टाकल्या. खिडकी आज मीच उघडली, हे यायच्या आधी. गारठा आहे. असू दे.

पानं पुष्कळ उरली आहेत. ती कोरीच राहतील.